ग्रां कोल फेरे : खिंडीवरून मागे फिरावे की पलीकडे उतरावे?

नंदगिरी (सातारा)

सर्वांना नमस्कार. येत्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला मुलीकडे जाणार आहोत. माँ ब्लांच्या डोंगररांगेला वळसा घालणारी जी प्रसिद्ध पायवाट आहे, ती सुमारे १७० किलोमीटरची असून फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तिन्ही देशांतून जाते. ती पूर्ण करायला साधारण दहा-अकरा दिवस लागतात. तेवढी आमची तयारी नाही. मात्र तिच्यातला एक टप्पा तरी चालावा अशी फार इच्छा आहे. इटलीच्या बाजूच्या फेरे खोऱ्यात आर्नूवा नावाच्या ठिकाणापर्यंत बस जाते. तिथून ग्रां कोल फेरे ही २,५३७ मीटर उंचीची खिंड चढायची आणि पलीकडे स्वित्झर्लंडमधील ला फूली गावात उतरायचे, असा तो टप्पा आहे. इटली आणि स्वित्झर्लंड यांची सीमा या खिंडीतूनच जाते.

घरात यावर दोन मते आहेत. मुलीचे म्हणणे असे की, गाडी इटलीतल्या कूरमायर गावात ठेवावी, खिंडीपर्यंत जाऊन सीमा पाहावी आणि त्याच वाटेने परत यावे. पत्नीचे म्हणणे असे की, एवढ्या लांब जाऊन पलीकडची बाजू न पाहता मागे फिरणे तिच्या मनाला पटणार नाही. माझे वय ५८ आहे. गेली वीस वर्षे मी रोज पहाटे अजिंक्यतारा पायी चढतो. उतरताना मात्र शेजारी स्कूटर घेऊन येतात, त्यांच्याबरोबर खाली येतो, कारण उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. साताऱ्यात राहून या चालीची तयारी होऊ शकेल का, आणि दोन मतांपैकी कोणते स्वीकारावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

माचीवरचा (वाई)

पलीकडे उतरा. शिखर गाठून मागे फिरण्यात काही गैर नाही, पण खिंड असते ती पार करण्यासाठी. आपल्याकडे पार घाटाच्या माथ्यावर येऊन कोकण नुसते पाहून परत जाणारा वाटसरू कधी कोणी पाहिला असेल असे मला वाटत नाही. ज्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी प्रतापगडासारखा किल्ला बांधावा लागला, त्या वाटेचे महत्त्व दोन्ही बाजूंच्या मुलखांमुळे होते.

उत्तरमांड (कराड)

माचीवरचा यांच्या भावनेचा आदर राखून मी वेगळे मत मांडतो. मी स्वतः काही वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस ही खिंड चढलो आहे, आणि माथ्यावरूनच मागे फिरलो आहे.

आर्नूवा सुमारे १,७६९ मीटरवर आहे, म्हणजे खिंडीपर्यंतची चढण जवळजवळ ७७० मीटरची होते. वाट अवघड नाही, दोर किंवा हातांचा आधार कुठेही घ्यावा लागत नाही. निम्मी चढण होण्याआधीच एलेना नावाचे निवारागृह लागते. तिथून पुढे वाट गवताळ उतारावर नागमोडी चढत जाते आणि डाव्या हाताला प्रे द बार हिमनदी दिसते. मी गेलो तेव्हा माथ्याच्या अलीकडे सावलीतल्या एका घळीत जुने बर्फ शिल्लक होते. त्याची रुंदी फार तर वीस पावले असेल, पण रात्रीच्या थंडीने ते काचेसारखे टणक झाले होते. माझ्यापुढे चालणाऱ्या एका धट्टाकट्टा तरुणाचा पाय तिथे सरकला आणि तो बसलेल्या स्थितीत दहा-बारा फूट खाली गेला. गवतात अडकला म्हणून वाचला. सप्टेंबरच्या सुरुवातीला हे जुने बर्फ बहुधा नसते, मात्र नवा हिमवर्षाव त्या महिन्यातही होऊ शकतो.

माझी खरी हरकत गाडीविषयी आहे. गाडी इटलीत आणि माणसे स्वित्झर्लंडमध्ये, अशी स्थिती झाली की गाडीपर्यंत पोहोचण्यासाठी ला फूलीहून ऑर्सिएर, तिथून ग्रेट सेंट बर्नार्डचा बोगदा, मग आओस्ता आणि शेवटी कूरमायर असा भला मोठा वळसा पडतो. चाललेल्या पायांनी हा प्रवास त्याच संध्याकाळी करू नये. म्हणून गाडी न्यायची असेल तर मुलीचे म्हणणे बरोबर आहे, आणि पलीकडे उतरायचे असेल तर गाडी लोझानलाच राहू द्यावी.

शरयू_मिरज

नंदगिरी काका, मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. आपण लिहिलेल्या मजकुरात एका ओळीत स्कूटरचा उल्लेख आला आहे, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रश्नाचे मर्म त्या ओळीत आहे.

आपण वीस वर्षे चढण्याचा सराव केला आहे. उतरण्याचा सराव जवळजवळ केलेलाच नाही. चढताना मांडीचे स्नायू आखूड होत जाऊन शरीर वर उचलतात. उतरताना तेच स्नायू लांबत असतानाच शरीराचे वजन सावरून धरतात, म्हणजे प्रत्येक पावलाला ते ब्रेकचे काम करतात. या कामाची सवय नसलेल्या स्नायूंना सूक्ष्म इजा होते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही नकोसे होते. स्नायू दमले की तो भार गुडघ्यावर येतो. हृदय आणि फुप्फुसे कितीही तयार असली तरी उताराची तयारी उतारावरच होते, तिला दुसरा मार्ग नाही.

आता हिशेब पाहा. अजिंक्यतारा पायथ्यापासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. खिंडीची चढण म्हणजे अडीच अजिंक्यतारे, आणि ला फूली सुमारे १,६०० मीटरवर असल्यामुळे पलीकडची उतरण ९०० मीटरहून अधिक, म्हणजे सलग तीन अजिंक्यतारे उतरणे. आपल्या हातात तीन महिने आहेत. प्रथम एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून गुडघा तपासून घ्या. झीज किती आहे ते कळल्याशिवाय मी इथून काही ठरवणे योग्य नाही. त्यांनी परवानगी दिली तर पहिले दोन आठवडे डांबरी रस्त्याने सावकाश पायी उतरा, त्यानंतर पायवाटेने, आणि शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा पाठीवर पाच-सहा किलो घेऊन दोनदा चढ-उतार करा. दोन्ही हातांत काठ्या घ्या. उतारावर त्या थोड्या लांब कराव्यात आणि पाऊल पडण्याआधी टेकवाव्यात. पावले लहान ठेवा, गुडघा ताठ करून टाच आपटू नका.

सागरेश्वर

२,५३७ मीटरवर विरळ हवेचा त्रास होतो का? महाबळेश्वरचा सर्वांत उंच भाग सुमारे १,४३८ मीटरवर आहे, त्याहून हे बरेच जास्त झाले.

उत्तरमांड (कराड)

उंचीचा आजार सामान्यतः २,५०० मीटरच्या वर संभवतो, आणि त्यातही त्या उंचीवर झोपल्यास अधिक. इथे आपण माथ्यावर अर्धा तास थांबून खाली येतो आणि मुक्काम दोन्ही बाजूंना बराच खाली असतो. धाप थोडी लवकर लागते, एवढाच फरक मला जाणवला. वाऱ्याची आणि अवचित येणाऱ्या गडगडाटी पावसाची काळजी मात्र जास्त घ्यावी. उन्हाळ्यात आल्प्समध्ये वादळी ढग बहुधा दुपारनंतर जमतात, म्हणून अकराच्या सुमारास माथा ओलांडलेला असावा. वीज कडाडू लागली तर उघड्या धारेवर क्षणभरही रेंगाळू नये.

दंडोबा (सांगली)

हा धागा वाचून मला लिपुलेखची आठवण झाली. मी २०१६ साली कैलास-मानसरोवर यात्रेत ती खिंड पायी ओलांडली. तिची उंची ५,००० मीटरहून अधिक आहे, म्हणजे ग्रां कोल फेरेच्या दुप्पट. आम्ही नाभीढांगच्या मुक्कामातून मध्यरात्रीनंतर विजेऱ्या घेऊन निघालो, कारण दिवस वर आला की खिंडीत वारा इतका जोर धरतो की उभे राहणे कठीण होते. माझ्या हातमोज्यांच्या आत बोटे बधिर झाली होती. शेजारच्या यात्रेकरूने राजगिऱ्याचा लाडू पुढे केला, तर तो मला धरता येईना, शेवटी त्यांनी तो माझ्या तोंडात घातला. माथ्यावर यादीतली नावे एकेक करून पुकारली गेली, पारपत्रे पाहिली गेली, आणि मगच आम्ही तिबेटच्या बाजूला उतरलो. तिथे पोहोचण्यापूर्वी दिल्लीत वैद्यकीय तपासणी आणि वाटेत गुंजीला पुन्हा तपासणी झाली होती, आणि आमच्या तुकडीतले काही जण तिथूनच परत पाठवले गेले.

नंदगिरी, आपण आल्प्सला जाऊ नये असे मी म्हणत नाही. पण खिंड आणि सीमा यांचीच ओढ असेल तर आपल्या देशात त्याहून थोर जागा आहेत हे नमूद करावेसे वाटते. २०२० पासून बंद असलेली ही यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे.

माचीवरचा (वाई)

दंडोबा, लिपुलेखची थोरवी निर्विवाद आहे, परंतु तुलना योग्य नाही असे माझे प्रामाणिक मत आहे. तिथे सोडत लागावी लागते, तपासणी पार करावी लागते आणि तीन आठवड्यांहून अधिक वेळ द्यावा लागतो. इथे दोन ज्येष्ठ माणसांना एका दिवसात पायांनी एक देश सोडून दुसऱ्या देशात जाता येते. ही गोष्ट आपल्या पिढीतल्या माणसाला किती नवलाची आहे! आपण सीमा म्हटले की तारेचे कुंपण आणि बंदूक डोळ्यांपुढे आणतो.

कासकर

शब्दांविषयी एक टीप. धाग्यात कोणी खिंड म्हणाले, कोणी घाट. आपल्या बोलण्यात या दोन्हींत सूक्ष्म भेद आहे. डोंगरधारेतली जी खाच असते ती खिंड, आणि त्या खाचेपर्यंत चढणारी-उतरणारी संपूर्ण वाट म्हणजे घाट. फ्रेंच भाषेतला ‘कोल’ हा शब्द मानेसाठी असलेल्या लॅटिन शब्दापासून आला आहे, म्हणजे दोन शिखरांमधली मान. तिबेटीत ‘ला’ म्हणजेच खिंड, म्हणून ‘नाथू ला खिंड’ म्हणताना आपण तीच गोष्ट दोनदा सांगतो.

माचीवरचा (वाई)

कासकर, छान माहिती. याच अनुषंगाने पाण्याविषयीही लिहितो. क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते आणि तिथल्याच डोंगरातून निघणारी सावित्री अरबी समुद्राला. ग्रां कोल फेरेवरही पाण्याची अशीच वाटणी होते. इटलीच्या बाजूचे पाणी डोरा बाल्तेआतून पो नदीत आणि पुढे एड्रियाटिक समुद्रात जाते, तर स्वित्झर्लंडच्या बाजूचे पाणी द्रांस नदीतून ऱ्होनला मिळून जिनिव्हा सरोवरातून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला पोहोचते. नंदगिरी, आपली मुलगी ज्या सरोवराकाठी राहते, त्याच सरोवरात खिंडीपलीकडचे पाणी येते. वहिनी पलीकडे उतरायचे म्हणतात, त्याला हे एक भक्कम कारण आहे.

लोणंदची_मीरा (सध्या तोरिनो, इटली)

मी इथे राहत असल्यामुळे काही व्यावहारिक बाबी लिहिते. इटली आणि स्वित्झर्लंड हे दोन्ही शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे एकच व्हिसा चालतो आणि खिंडीत तपासणी नसते, तरीही पारपत्र जवळ ठेवावे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. त्यामुळे तिथे चलन फ्रँक आहे, आणि युरोपीय संघापुरते घेतलेले मोबाइलचे पॅकेज खिंड ओलांडताच बंद पडू शकते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण त्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने सोडवून आणण्याचा खर्च धरला आहे का हे वेगळे विचारून घ्यावे. संकटात ११२ हा क्रमांक दोन्ही देशांत चालतो.

निवारागृहात मुक्काम करणार असाल तर आरक्षण करतानाच शाकाहारी असल्याचे कळवा. जेवण एकाच वेळी सर्वांना वाढले जाते, ऐनवेळी सांगून उपयोग होत नाही. साताऱ्याचे कंदी पेढे आणण्याचा मोह आवरावा, कारण संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांनी दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यावर निर्बंध आहेत. शेंगदाण्याची चटणी आणि तिळाच्या वड्या खुशाल आणा.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. फेरे खोऱ्यावर प्लांपँसिओ नावाची लटकती हिमनदी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचा सुमारे अडीच लाख घनमीटरचा भाग कोसळण्याची शक्यता दिसल्यामुळे खोऱ्यातला रस्ता बंद केला होता, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये लोकांना हलवावेही लागले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी रस्त्याची स्थिती विचारल्याशिवाय बस पकडू नका.

उत्तरमांड (कराड)

मीराताईंनी लिहिलेली शेवटची सूचना सर्वांनी गांभीर्याने घ्यावी. २०२१ च्या जुलैत आपल्या पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून काय झाले ते आपण जवळून पाहिले आहे. डोंगर धोक्याची खूण दाखवत असेल तर ठरलेला बेत मोडायला कचरू नये.

नंदगिरी (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. शरयूताई, आपले म्हणणे तंतोतंत खरे निघाले. डॉक्टरांनी गुडघा तपासून, झीज वयाच्या मानाने बेताची आहे, असे सांगितले आणि चालायची मुभा दिली. मी सोमवारपासून पायी उतरू लागलो आहे. पहिल्या दिवशी मंगळाई मंदिराजवळून निघालो आणि मंगळवारी सकाळी अंथरुणातून उठताना मांड्या अशा धरल्या होत्या की, वीस वर्षांत मी अर्धाच किल्ला चालत होतो, हे चांगलेच उमगले. गाडी लोझानलाच ठेवायची आणि ला फूलीत मुक्कामाची खोली आधीच घ्यायची, असे आता घरात ठरले आहे. मुलीलाही ते पटले.

शरयू_मिरज

दुखणे मांडीत आहे आणि सांध्यात नाही, ही चांगली खूण आहे. सांध्याला सूज आली किंवा आतून टोचल्यासारखे वाटले तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

नंदगिरी (सातारा)

परत आल्यावर सविस्तर लिहायचे कबूल केले होते, म्हणून लिहितो.

मार्तिनी, शामोनी आणि माँ ब्लांचा बोगदा असा प्रवास करून आम्ही आदल्या दिवशी कूरमायरला पोहोचलो. रस्ता सुरू असल्याची खात्री करून घेतली आणि सकाळच्या बसने आर्नूवाला उतरलो. एलेनापर्यंत स्वच्छ ऊन होते. त्यानंतर खालून धुके चढू लागले आणि बघता बघता पुढच्या वळणावरची माणसे दिसेनाशी झाली. कास पठारावर जुलैत जसे धुके अंगाला चिकटते तसे ते नव्हते. ते कोरडे आणि अतिशय थंड होते, आणि वाऱ्याबरोबर पळत होते. अकरा वाजून वीस मिनिटांनी आम्ही माथ्यावर होतो. तिथे काय होते ते सांगतो : गवत, चपट्या काळसर दगडांची रास, दिशादर्शक पाटी आणि सीमेचा दगड. एकही शिपाई नव्हता. पत्नीने एक हात दगडाच्या अलीकडे आणि एक पलीकडे ठेवला आणि बराच वेळ ती काहीच बोलली नाही.

मॉं दोलां, ज्या शिखरावर तिन्ही देशांच्या सीमा एकत्र येतात, ते धुक्यामुळे दिसेल अशी आशा आम्ही सोडली होती. तिळाची वडी खाऊन आम्ही उठलो, तेवढ्यात वाऱ्याने पडदा फाडावा तसे धुके फाटले आणि मागे हिमनदी, काळे कडे, सर्व काही पाच मिनिटे उघडे पडले. पुन्हा सगळे मिटले.

स्वित्झर्लंडच्या बाजूचा उतार सुरुवातीला सौम्य आहे आणि वाट मऊ मातीची आहे. तिथल्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर लिहिलेले नसून किती वेळ लागेल ते लिहिलेले असते. चालणाऱ्याला नेमके तेच हवे असते. आमच्या चालीला त्यांच्या एका तासाचे दीड तास लागले. ला प्योल या डोंगरी गोठ्याजवळ गाईंच्या घंटांचा आवाज धुक्यातून आधी आला आणि गाई नंतर दिसल्या. तिथून खाली उतार वाढतो. तिथे उजवा गुडघा बोलू लागला. मी शरयूताईंनी सांगितल्याप्रमाणे काठ्या लांब केल्या, पावले लहान केली आणि दर अर्ध्या तासाने बसलो. ला फूलीला पोहोचायला संध्याकाळचे पाच वाजले. बस आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली, पण खोली घेतलेली असल्यामुळे जिवाला घोर नव्हता. उत्तरमांड, त्याच संध्याकाळी पुढचा प्रवास करू नये हा आपला सल्ला फार मोलाचा ठरला.

पलीकडच्या पहिल्या ओढ्याचे पाणी पत्नीने बाटलीत भरून घेतले होते. गुरे चरतात म्हणून ते प्यायलो नाही. दोन दिवसांनी लोझानला सरोवराच्या काठी तिने ते सोडले.

दंडोबा (सांगली)

वाचून समाधान वाटले. वहिनींना माझा नमस्कार सांगा. लिपुलेखवर आम्हाला दगडाला हात लावून असे शांत उभे राहता आले नाही.

माचीवरचा (वाई)

पाण्याची गोष्ट वाचून मन भरून आले.

शरयू_मिरज

काका, गुडघा आता कसा आहे? आणि सराव सुरू ठेवला आहे ना?

नंदगिरी (सातारा)

चार दिवस जिना उतरताना कठड्याला धरावे लागले, पाचव्या दिवसापासून त्रास नाही. आज सकाळीही अजिंक्यतारा पायी चढलो आणि पायीच उतरलो. शेजाऱ्यांना सगळी हकीकत सांगितली, तेव्हापासून तेही स्कूटर घरी ठेवून येत आहेत.